एका देठाची दोन कमळं

फिकट हिरव्या-निळ्या चिनी मातीची एक फुलदाणी. तिच्यात कमळं, कमळाची पानं, कमळगट्ट्यांची बोंडं आणि राळ्याची कणसं. फुलदाणी कोरीव लाकडी बैठकीवर ठेवली आहे आणि तिच्यामागे काहीच नाही. भिंत नाही, टेबल नाही, खिडकी नाही, नुसतं रेशीम. चित्राची उंची १७३ सेंटीमीटर, म्हणजे जवळपास माणसाएवढी. नाव 'जू-रुई तू'. मराठीत सांगायचं तर 'एकत्र केलेले शुभशकुन'.

सध्या हे चित्र तैपेईच्या नॅशनल पॅलेस म्युझियममध्ये आहे. मी ते फक्त स्क्रीनवर पाहिलंय. मोबाइलवर झूम केल्यावर मला पहिल्यांदा खटकली ती फुलदाणीवरची चमक. झिलईवर उजेड पडला की जसा पांढरा ठिपका उठतो, तसा तिथे काढलेला आहे. चिनी चित्रात ही चमक सहसा नसते. युरोपातल्या चित्रकाराने ती काढली असती, पण मग त्याने मागची जागा अशी कोरी सोडली नसती आणि फुलदाणीची सावलीही बाजूला पाडली असती. इथे चमक आहे, गोलाई आहे आणि सावली नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, चित्रकलेचं शिक्षण माझ्याकडे नाही. त्यामुळे चित्र पाहताना माझ्या डोक्यात कामाच्या सवयीचे प्रश्न येतात. हे कुणी मागितलं होतं? कशासाठी? अटी काय होत्या? या चित्राच्या बाबतीत हे प्रश्न बरेच उपयोगी पडले, कारण त्याच्यावर तारीख आहे. ती तारीख धरून आजूबाजूला पाहिलं की फुलं वेगळी दिसायला लागतात.

तारीख: १३ ऑक्टोबर १७२३

चित्रावर चित्रकाराने मजकूर लिहिला आहे, छापील अक्षरांसारख्या ताठ वळणात. आशय असा: सम्राटाच्या कारकिर्दीच्या पहिल्याच वर्षी एकामागून एक शुभचिन्हं प्रकट झाली, शेतात एका ताटाला दुहेरी कणसं धरली, राजवाड्याच्या तळ्यात एकाच देठावर जोडकमळं उमलली, सेवकाने ती आदराने पाहिली आणि फुलदाणीतली फुलं म्हणून एकत्र चितारली. शेवटी तारीख, योंगझेंग पर्वाच्या पहिल्या वर्षातल्या नवव्या महिन्याची पंधरावी तिथी. सही 'समुद्रापलीकडच्या पश्चिमेचा सेवक लांग शिनिंग' अशा अर्थाची.

लांग शिनिंग म्हणजे ज्युसेप्पे कास्तिल्योने. जन्म मिलान, १६८८. चित्रकला शिकलेला हा मुलगा १७०७ मध्ये जिनोव्हात जेझुइट संघात दाखल झाला. तो पाद्री नव्हता, संघातला साधा 'ब्रदर' होता आणि शेवटपर्यंत तेच राहिला. पेकिंगच्या दरबाराला चित्रकार हवेत म्हणून त्याला पाठवायचं ठरलं. पोर्तुगालमध्ये काही काळ काढून १७१४ मध्ये तो लिस्बनहून निघाला, गोव्याला थांबून १७१५ मध्ये मकावला पोहोचला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पेकिंगला. तेव्हा तो २७ वर्षांचा होता. पुढची ५१ वर्षं तो तिथेच होता आणि तिथेच वारला. मिलान त्याने पुन्हा पाहिलं नाही.

पहिली काही वर्षं कांगशी सम्राटाच्या राज्यात गेली. कांगशीला तांब्यावर आणि चिनी मातीवर मुलामा देऊन चित्रं काढण्याच्या युरोपीय कलेचं वेड होतं. त्याने कास्तिल्योनेला आणि मात्तेओ रिपा या दुसऱ्या इटालियन मिशनऱ्याला त्या कारखान्यात बसवलं. रिपाने आठवणींत लिहून ठेवलंय, की आम्हाला ते काम नको होतं, म्हणून आम्ही मुद्दाम इतकं वाईट रंगवलं की शेवटी आमची सुटका झाली. नको असलेल्या प्रोजेक्टमधून बाहेर पडायची ही युक्ती तीनशे वर्षं जुनी आहे, हे वाचून मला बरं वाटलं.

डिसेंबर १७२२ मध्ये कांगशी वारला. ६१ वर्षांची कारकीर्द संपली आणि वारसाचा प्रश्न उघडा पडला.

भावांची गोष्ट

कांगशीला वीसहून जास्त मुलगे होते. दुसऱ्याला त्याने युवराज केलं, काढलं, पुन्हा केलं आणि १७१२ मध्ये कायमचं काढलं. त्यानंतर जाहीरपणे वारस नेमलाच नाही. अनेकांच्या नजरा चौदाव्या राजपुत्राकडे होत्या, कारण वायव्य सरहद्दीवरची मोठी मोहीम बापाने त्याच्यावर सोपवली होती. पण बाप गेला तेव्हा तो दूर फौजेत होता आणि गादीवर आला चौथा राजपुत्र. तोच योंगझेंग.

बापाने खरंच त्याला निवडलं होतं का, यावर तेव्हाही कुजबुज होती आणि इतिहासकार आजही वाद घालतात. नव्या सम्राटाने भावांच्या नावातलं 'यिन' हे समान अक्षर बदलून 'युन' करायला लावलं, कारण ते त्याच्या स्वतःच्या नावात होतं. चौदाव्याला सरहद्दीवरून परत बोलावलं, फौज काढून घेतली आणि बापाच्या कबरीची राखण करायला पाठवलं. आठवा आणि नववा यांचं पुढे आणखी वाईट झालं. त्यांना अपमानास्पद नावं देण्यात आली आणि १७२६ मध्ये दोघेही कैदेत मेले.

योंगझेंग आणि चौदावा हे सख्खे भाऊ होते, एका आईचे. बाकीच्या बहुतेकांच्या आया वेगळ्या. ही आई जून १७२३ मध्ये वारली, मोठा मुलगा सम्राट होऊन सहा महिने झाले होते आणि धाकटा कबरीपाशी अडकवलेला होता. लोकांत अफवा पसरली, की धाकट्याला भेटू न दिल्यामुळे तिने खांबावर डोकं आपटून जीव दिला. या अफवेला पुरावा नाही. पण ती आपल्याला माहीत आहे ती खुद्द योंगझेंगमुळे! आपल्यावरचे सगळे आरोप एकेक करून खोडून काढणारं पुस्तक त्याने १७२९ मध्ये सिद्ध केलं आणि देशभर वाचायला लावलं. आरोप खोडायचे म्हणजे आधी ते छापावे लागतात. त्याचा मुलगा चियनलोंग गादीवर आल्या आल्या त्याने हे पुस्तक परत मागवून त्यावर बंदी घातली.

आता पुन्हा चित्राकडे या. आई जाऊन साडेतीन महिने झालेत. सख्खा भाऊ नजरकैदेत आहे. आणि चित्रात आहे काय, तर एका देठावर दोन कमळं, एका ताटावर दोन कणसं.

कास्तिल्योनेने हा अर्थ मनात धरून काढलं असेल, असं मी म्हणत नाही. जोडकमळ आणि दुहेरी कणीस ही चीनमधली फार जुनी शुभचिन्हं आहेत. राजा सदाचारी असला की पृथ्वी अशी दुप्पट फळते, ही कल्पना त्याच्या कितीतरी शतकं आधीची. शिवाय चिनी भाषेतल्या उच्चारांचे खेळही यात आहेत. फुलदाणी म्हणजे 'पिंग' आणि शांतता म्हणजेही 'पिंग'. कमळ 'ह', धान्य 'ह' आणि सलोखा हाही 'ह'. म्हणजे फुलदाणीत कमळ आणि कणीस ठेवलं, की 'शांतता आणि सलोखा' असं वाक्य आपोआप तयार होतं. तेव्हाच्या शिकलेल्या दरबाऱ्याला ते वाचायला क्षणही लागला नसता. मला एवढंच दिसतं, की सलोख्याची ग्वाही नेमकी त्या वर्षी हवी होती ज्या वर्षी घरात सलोखा नव्हता. ज्याची गादी निर्विवाद आहे त्याला कणसं मोजत बसावं लागत नाही.

पुरावा दिसायला हवा

मग हे चित्र एका परदेशी माणसाकडून का? दरबारात फुलं काढणारे चिनी चित्रकार काही कमी नव्हते.

मला वाटतं, उत्तर त्या चमकेत आहे. शुभशकुन ही घडलेली गोष्ट आहे असं सांगायचं असेल, तर ती पाहून काढल्यासारखी दिसावी लागते. जोडकमळ प्रतीक म्हणून काढणं वेगळं आणि 'हे कमळ आमच्या तळ्यात उमललं होतं' असं सांगणं वेगळं. युरोपीय छायाप्रकाशाची ताकद हीच होती. पानाची उलटी बाजू, शिरांचं जाळं, पाकळीच्या टोकाकडे गडद होत जाणारा रंग, झिलईवर सांडलेला उजेड हे सगळं पाहणाऱ्याला सांगतं, की चित्रकार या वस्तूसमोर बसला होता. आपण फोटोवर ज्या कारणाने विश्वास ठेवतो, त्याच जातीचं हे कारण आहे.

आणि फोटोप्रमाणेच हा पुरावासुद्धा जुळवलेला आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर पेकिंगच्या तळ्यांतला कमळांचा हंगाम उलटलेला असतो. कणसं शेतातली, कमळं राजवाड्यातली. ही सगळी त्या तारखेला एका फुलदाणीत ताजी उभी असणं जवळपास अशक्य. चित्रावरचा मजकूर हे लपवतही नाही, 'एकत्र करून चितारली' असंच तो म्हणतो. डच चित्रकारही हेच करत. वसंतातली ट्युलिप आणि उन्हाळ्यातले गुलाब एकाच फुलदाणीत दाखवत. फक्त त्यांचा सांगावा उलटा होता. काळोखी पार्श्वभूमी, गळालेली पाकळी, पानावरची अळी असं सगळं काढून ते पाहणाऱ्याला बजावत, की हे टिकणार नाही. इटालियनमध्ये या चित्रप्रकाराला 'नातुरा मोर्ता' म्हणजे 'मृत निसर्ग' म्हणतात. कास्तिल्योनेच्या फुलदाणीत एकही पाकळी गळालेली नाही. सम्राटाच्या पहिल्या वर्षाच्या चित्रात ती गळून चालणारच नव्हती.

अटी आणखीही होत्या. काम रेशमावर, पाण्यात कालवलेल्या खनिज आणि वनस्पती रंगांनी. रेशमाला आधी सरस आणि तुरटीचं पाणी द्यायचं, नाहीतर रंग फुटतो. तैलरंगात चूक झाली तर वरून दुसरा थर देता येतो. इथे एकदा टेकलेला कुंचला मागे घेता येत नाही. वीस वर्षांनंतर याच दरबारात काम करणारा फ्रेंच जेझुइट आत्तिरे याने १७४३ मध्ये मायदेशी लिहिलेल्या पत्रात याबद्दल तक्रार केली आहे. शिकलेलं सगळं विसरून पुन्हा नव्याने शिकावं लागलं, असा त्याचा सूर आहे.

गडद सावल्या दरबाराला आवडत नसत. चेहऱ्यावरची सावली म्हणजे डाग, अशी दृष्टी होती. म्हणून कास्तिल्योनेने उजेडाची जागाच बदलली. कॅराव्हॅजिओच्या इटलीत उजेड एका बाजूने येऊन दुसरी बाजू अंधारात टाकतो. इथे तो समोरून, सगळीकडून, पातळ पसरून येतो. वस्तू गोल दिसते, पण कुठेच काळी पडत नाही. आणि एका बाबतीत चिनी परंपराच त्याच्या मदतीला आली. बाह्यरेषा न काढता थेट रंगानेच फूल घडवायची एक शैली तिथे होती. सतराव्या शतकातल्या युन शौपिंगमुळे ती चांगलीच लोकप्रिय झाली होती. युरोपीय पद्धतीतही रेषेपेक्षा रंगाच्या उतारावर भर असतो. म्हणजे दोन्ही परंपरांमध्ये एक दार आधीच उघडं होतं आणि कास्तिल्योने फुलांच्या चित्रातून त्या दारानेच आत शिरला.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. नियान शियाओ या बड्या अधिकाऱ्याने १७२९ मध्ये यथार्थदर्शनावर चिनी भाषेत पुस्तक काढलं. इटालियन चित्रकार आंद्रेआ पोझ्झोच्या ग्रंथावर ते बेतलेलं होतं आणि लांग शिनिंगकडून आपण शिकलो, असं त्याने प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केलं. पण सगळ्यांना हे पटलं नव्हतं. त्याच काळात दरबारी फुलं काढणारा झोउ यिगुई हा चित्रकार लिहून गेला, की पाश्चात्त्य लोक भूमितीत पक्के आहेत, त्यांची चित्रं हुबेहूब उतरतात, पण कुंचल्याची जाण त्यांना अजिबात नाही. म्हणून ही कारागिरी झाली, चित्रकला नव्हे.

गोव्यातला दुसरा जेझुइट

कास्तिल्योनेचं जहाज गोव्याला थांबलं होतं, हे वर आलंच. त्याच गोव्यात त्याच्या शंभर वर्षं आधी त्याच्याच संघातला एक इंग्रज आपल्या भाषेत काम करत होता. फादर थॉमस स्टीफन्स. त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं. भाषा मराठी, छंद ओवी, लिपी मात्र रोमन.

दोघांची रीत एकच वाटते. यजमानाच्या घरात शिरायचं तर त्याच्याच चालीने. पण तुलना थोडी पुढे नेली की फरक उघड होतो. स्टीफन्सनी ओवी घेतली आणि तिच्यात येशूची कथा भरली. साचा इथला, आशय त्यांचा. गोव्यात सत्ता पोर्तुगिजांची होती आणि त्यांना ते करता आलं. पेकिंगमध्ये कास्तिल्योनेच्या वाट्याला नेमकं उलट आलं. छायाप्रकाश त्याचा, चमक त्याची, पण आशय सम्राटाचा. 'जू-रुई तू'मध्ये क्रूस नाही, संत नाही, बायबलची खूणगाठ नाही. ज्या कामासाठी तो अर्धी पृथ्वी ओलांडून आला, त्याचा मागमूसही तिथे नाही. दोन संस्कृतींचा सुंदर संगम असं आपण सहज म्हणून जातो. संगम कुठल्या बाजूने उताराला लागलाय, हे त्या त्या ठिकाणी सत्ता कुणाकडे आहे त्यावर ठरतं.

तीन महिन्यांनंतर

कास्तिल्योनेलाही त्या वर्षी शांत झोप लागत नसणार. पूर्वजांना आणि कन्फ्युशियसला वंदन करणं ख्रिस्ती माणसाला चालेल का, या वादात पोपने १७१५ मध्ये नकार दिला होता आणि त्यामुळे कांगशी आधीच चिडला होता. नवा सम्राट तर जास्तच संशयी. झुआंव मोराव हा पोर्तुगीज जेझुइट नवव्या राजपुत्राच्या गोटातला. त्यालाही त्या राजपुत्राबरोबर दूर शिनिंगला धाडण्यात आलं आणि १७२६ मध्ये तिथेच त्याचा जीव गेला. १७२३ मध्येच फुजियान प्रांतात ख्रिस्ती धर्माविरुद्ध कारवाई सुरू झाली होती. त्या वर्षाच्या अखेरीस रिपा काही तरुण चिनी विद्यार्थ्यांना घेऊन इटलीला परत निघाला.

आणि जानेवारी १७२४ मध्ये, चित्रावरच्या तारखेनंतर तीन महिन्यांनी, फर्मान निघालं. ख्रिस्ती धर्मप्रसारावर साम्राज्यभर बंदी. प्रांतांतली चर्चेस जप्त. मिशनऱ्यांना आधी कँटनला आणि काही वर्षांनी तिथूनही मकावला हाकललं गेलं. आम्ही आमचे बौद्ध भिक्षू तुमच्या देशात धर्म शिकवायला पाठवले तर तुम्हाला चालेल का, असं योंगझेंगने जेझुइटांना विचारल्याचं त्यांनीच नोंदवून ठेवलंय. प्रश्न बिनतोड आहे.

फर्मानात एक अपवाद होता. पेकिंगच्या दरबाराला ज्यांचा उपयोग आहे, त्यांनी राहावं. म्हणजे पंचांग बसवणारे, घड्याळं दुरुस्त करणारे आणि चित्रकार. कास्तिल्योने राहिला. त्याच १७२४ मध्ये सम्राटाच्या वाढदिवसासाठी त्याने पांढरा ससाणा, जुनं पाइन आणि दीर्घायुष्याचं प्रतीक असलेली लिंगझी अळंबी असं आणखी एक भव्य शुभचित्र काढलं. १७२८ मध्ये पावणेआठ मीटर लांबीचं 'शंभर घोडे' पूर्ण केलं.

इथे मला सोपा निकाल देता येत नाही. एका बाजूने पाहिलं तर त्याच्या कलेने त्याला वाचवलं, त्याच्या धर्मकार्याला नाही. प्रांतांतले त्याचे सोबती हाकलले जात होते आणि हाकलणाऱ्याच्या वाढदिवसाला तो ससाणा रंगवत होता. दुसऱ्या बाजूने पाहिलं, तर पेकिंगमध्ये मिशनचं जे थोडं टिकलं, ते अशा उपयोगी माणसांमुळेच. आणि तो गप्प बसला असंही नाही. १७३६ मध्ये चियनलोंग नेहमीप्रमाणे चित्र पाहायला आला असताना कास्तिल्योनेने गुडघे टेकून धर्मबांधवांसाठी अर्ज पुढे केला. वीस वर्षांच्या चाकरीतून जी जवळीक मिळाली होती, ती त्याने तिथे खर्च केली. सम्राट रागावला नाही, सौम्यपणे बोलला. बंदी उठली मात्र नाही.

१७६६ मध्ये कास्तिल्योने वारला तेव्हा चियनलोंगने त्याला उपमंत्र्याचा दर्जा दिला आणि अंत्यविधीसाठी तीनशे ताएल चांदी. त्याची चित्रं राजवाड्याच्या संग्रहात गेली. जपानी फौजांच्या भीतीने १९३३ मध्ये संग्रहाच्या पेट्या पेकिंगबाहेर निघाल्या आणि यादवी युद्धाच्या शेवटी त्यांतल्या हजारो तैवानला पोहोचल्या. 'जू-रुई तू' तैपेईत असण्याचं कारण हे. शांघाय म्युझियममध्येही कास्तिल्योनेचं याच विषयावरचं एक चित्र आहे. म्हणजे 'पिंग' आणि 'ह' सांगणाऱ्या या दोन फुलदाण्या आज सामुद्रधुनीच्या दोन तीरांवर आहेत.

तुम्हीही हे चित्र मोबाइलवर उघडा. चमक पाहून झाली की देठ शोधा. एकाच देठातून दोन फुलं जिथे फुटतात, ती गाठ कास्तिल्योनेने फार काळजीने रंगवली आहे. फुलं खरी होती का, याची साक्ष तिथेच द्यायची होती.